शाळेला कुलूप असताना



तथागतांनी आई-बापांना जी नावे दिली आहेत, त्यांत एक नाव असे आहे की जे आपल्या घरांतून फारसे उच्चारले जात नाही. ते नाव म्हणजे ‘पुब्बाचरिय’. पूर्वाचार्य, मुलाचे पहिले शिक्षक. अंगुत्तर निकायात आणि इतिवुत्तकात जेथे आई-बापांचा गौरव आला आहे, तेथे हा शब्द आहे आणि त्याचे कारणही तेथेच सांगितले आहे. आई-बाप मुलाला पोसतात, वाढवितात आणि त्याला या जगाची ओळख करून देतात, म्हणून ते पहिले आचार्य. आता नीट ध्यानात घ्या. आई-बापांना लिहिता-वाचता आले पाहिजे अशी अट तेथे घातलेली नाही. जो जग दाखवितो तो आचार्य, एवढेच म्हटले आहे.

शाळा उघडी असते तोवर या शब्दाची आपल्याला गरज वाटत नाही. सकाळी मूल शाळेत सोडले, पोषण आहाराची खिचडी तिकडेच झाली, संध्याकाळी ते घरी आले, की आपले काम संपले असे आपण समजतो. शाळेला कुलूप लागते तेव्हा या शब्दाची परीक्षा होते. तशी परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत झालेली आहे, आणि तिचा निकाल अजून पुरता लागलेला नाही.

मार्च २०२० च्या मध्यापासून कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद होऊ लागल्या आणि २५ मार्चपासून सारा देशच घरात बसला. मोठ्या वर्गांच्या शाळा मधूनमधून उघडल्या आणि पुन्हा मिटल्या. पण पहिली ते चौथीची खेड्यापाड्यांतील मुले वर्गात बसण्यास राज्यात परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. त्यानंतरही जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेने शाळा पुन्हा बंद पडल्या आणि २४ जानेवारीपासून त्या उघडण्यास पुन्हा मुभा मिळाली. आता बोटांवर हिशेब करा. जून २०२० मध्ये जे मूल पहिलीत बसावयाचे होते, ते प्रथम वर्गात जाऊन बसले तेव्हा दुसरीचे अर्धे वर्ष सरले होते. पहिलीचा वर्ग त्याने आतून पाहिलाच नाही. अंगणवाडीची शेवटची काही महिन्यांची गोडीही त्याच्या वाट्याला आली नाही. तेच मूल जून २०२५ मध्ये सहावीत गेले. असे मूल आपल्या वस्तीत आहे, कदाचित आपल्याच घरात आहे. त्याच्यापुढे मराठीचे पुस्तक ठेवा आणि एक पान वाचून दाखव म्हणा. ते अडखळले तर त्याच्या बुद्धीला दोष देण्याआधी हा हिशेब आठवा.

तोटा सर्वांचाच झाला, पण सारखा झाला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांमध्ये सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. खेड्यांतील केवळ ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुले अजिबात शिकत नव्हती. त्याच पाहणीतला पुढचा आकडा आपल्यासाठी अधिक बोलका आहे. खेड्यांतील दलित-आदिवासी मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी होती ४ टक्के, तर इतर समाजांतील मुलांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होते. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीच्या वर्गातील ज्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरले. २०२४ च्या पाहणीत ते जवळपास पूर्वीच्या जागी आलेले दिसते. पण तिसरीत दरवर्षी नवी मुले येत असतात. २०२२ ची तिसरीची मुले तिसरीत थांबून राहिलेली नाहीत, ती तशीच पुढच्या वर्गात ढकलली गेली. आकडा सावरला म्हणून ती मुले सावरली असे होत नाही.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ या नावाने रोजचा अभ्यास मोबाईलवर धाडला जात होता, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविली जात होती, पोषण आहाराचे तांदूळ व कडधान्य घरपोच देण्याची व्यवस्था होती. सोलापुरातील नीलमनगर या कामगार वस्तीत तर शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडेच रंगवून काढले. येता-जाता मूल अक्षर पाही, गणित पाही. पण घरात मोबाईल एकच, तोही बापाच्या खिशात, आणि बाप दिवसभर कामावर, अशा घरांत मोबाईलवरचा अभ्यास पोहोचावा कसा? भिंत मात्र कोणाच्या खिशात जात नाही, आणि तिला रिचार्जही लागत नाही. म्हणून मला ती भिंत अधिक धम्माला धरून वाटते.

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे आपल्या जालना जिल्ह्यातील गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी दूरवर ओळखले जाते. पावसाळ्याच्या तोंडाशी मिरचीची आवक सुरू होते, काट्यावर गोण्या चढतात, ट्रक भरून परप्रांतात जातात. या बाजारामागे पहाटे उठून तोडणीला जाणाऱ्या बाया आहेत. वाकून वाकून पाठ धरते, बोटांची आग होते, आणि मजुरी मोजली जाते ती किलोवर. त्या बाया गेल्यावर घरात कोण असते? शाळा उघडी असेल तर कोणी नसते. शाळा बंद असेल तर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी असते आणि तिच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ असतो. ती भाकरी थापते, पाणी भरते, धाकट्याचे नाक पुसते. शाळेला कुलूप लागले म्हणजे एका बालिकेला आई व्हावे लागते, ही गोष्ट कोणत्याही पाहणीच्या रकान्यात नीट बसत नाही.

आणि शाळा केवळ साथीमुळेच बंद पडते असेही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा अनेक ठिकाणी शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे जोडपे मूल बरोबर घेऊन निघते, तेव्हा त्या मुलापुरती शाळा चार-पाच महिने बंदच असते. स्पष्ट बोलतो, राग मानू नका: तोडणीच्या भरात ‘चार दिवस राहू दे घरी’ म्हणून पोरीला आपण ठेवून घेतो, तेव्हा तिची शाळा सरकारने बंद केलेली नसते. पोटाची निकड मी जाणतो. परंतु चार दिवसांचे चाळीस दिवस कसे होतात हेही आपण जाणतो.

अशा वेळी घराघरांतून एक वाक्य ऐकू येते: “आम्ही अडाणी माणसं, आम्ही लेकराला काय शिकवणार?” या वाक्यापाशी मला थांबावयाचे आहे. हे वाक्य नम्रतेचे दिसते, पण ते आपले नाही. ज्यांनी हजारो वर्षे आपल्याला अक्षरापासून दूर ठेवले, त्यांनी जाताना हे वाक्य आपल्या उंबऱ्यावर टाकून दिले आहे. विद्या म्हणजे केवळ पोथी, आणि पोथी ज्याच्या हाती तोच शिक्षक, ही त्यांची शिकवण. तथागतांची शिकवण तशी नाही.

राहुलाची गोष्ट पाहा. राहुल सात वर्षांचा असताना संघात आला असे परंपरा सांगते. एकदा अंबलट्ठिका येथे तथागत त्याच्याकडे गेले. राहुलाने बसावयास आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. तथागतांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडेसे पाणी मुद्दाम शिल्लक ठेवले. हे उरलेले पाणी दिसते ना, असे राहुलाला विचारले. मग सांगितले की, जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याच्यात चांगुलपणा उरतो तो इतकाच. मग ते पाणी ओतून टाकले, भांडे उपडे केले, पुन्हा उलथे केले, आणि प्रत्येक वेळी तेच विचारले. पुढे आरशाचा दाखला दिला. आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच काही करण्याआधी, करताना आणि केल्यावर स्वतःच्या कर्माकडे पाहावे. सम्राट अशोकाला हा उपदेश इतका मोलाचा वाटला की, राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या आपल्या शिलालेखात त्याने भिक्खूंनी व उपासकांनी अभ्यासावयाच्या प्रवचनांत राहुलाला केलेल्या या उपदेशाचे नाव कोरून ठेवले.

आता सांगा, या धड्याला साहित्य काय लागले? पाय धुण्याचे एक भांडे आणि तळाशी उरलेले घोटभर पाणी. ते आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. तथागतांनी आधी वस्तू दाखविली, मग प्रश्न विचारला, मुलाला उत्तर देऊ दिले, आणि त्यानंतरच स्वतः सांगितले. हा क्रम लक्षात ठेवावा. आपण नेमका उलटा क्रम धरतो. आधी सांगतो, मग ओरडतो, आणि प्रश्न मुलाने विचारला तर गप्प बसवितो.

मिरचीचेच घ्या ना. तोडणीहून आलेल्या आईच्या बोटांची आग होते. मूल विचारते, आई, मिरची तिखट का गं? आता “गप्प बस, डोकं खाऊ नको” हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर असे की, मिरची चाकूने उभी चिरावी आणि मुलाला हात न लावता आत पाहू द्यावे. आत पांढरी शीर दिसते, तिला बिया लागलेल्या असतात. तिखटपणा सर्वांत अधिक असतो तो त्या पांढऱ्या शिरेत. बीला तो लागलेला असतो इतकेच. हा तिखट पदार्थ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून नुसत्या पाण्याने हात धुऊन आग जात नाही, आणि म्हणूनच आई हाताला आधी तेल चोळून मग साबण लावते. ती हे करते, पण आपण रसायनशास्त्र जाणतो हे तिला कोणी सांगितलेले नाही. पोपट मिरची खातो आणि त्याचे काहीच कसे बिघडत नाही? कारण पक्ष्यांना हा तिखटपणा जाणवतच नाही. पक्षी मिरची खातात आणि तिचे बी दूरवर नेऊन टाकतात. रानातली मिरची अशीच पसरत गेली. एका मिरचीत एवढा धडा आहे.

मग पिकाडोर निराळी, शिमला निराळी, लांब निराळी, तोकडी निराळी, अशी चार मिरच्यांची वाटणी मुलाला करू द्या. वेगळे ते वेगळे ठेवणे आणि सारखे ते एकत्र करणे ही गणिताची पहिली पायरी होय. आईने आज समजा ३० किलो तोडली आणि किलोमागे अमुक रुपये ठरले, तर हाती किती आले पाहिजेत? हा हिशेब पोराला खडे मांडून करू द्या. खड्यांचे दहा-दहाचे ढीग करावे. यात एक अधिकचा लाभ आहे: ज्या घरातले लेकरू मजुरीचा हिशेब करते, त्या घराला काट्यावर फसविणे सोपे जात नाही.

लहान मुलाशी बोलणे हेच त्याचे मुख्य शिक्षण, ही गोष्ट आता बालशिक्षणाचे अभ्यासक एकमुखाने सांगतात. पहिल्या पाच-सहा वर्षांत मूल जितके शब्द ऐकते आणि त्यांना जितके उलट उत्तर देते, तितकी पुढे वाचनाची वाट सोपी होते. मात्र ते बोलणे माणसाचे पाहिजे आणि दोन्ही बाजूंनी पाहिजे. मोबाईल मुलाशी बोलतो, पण मुलाचे ऐकत नाही. ‘ऊठ, बस, जेव, नीज’ हेही बोलणे नव्हे, ते हुकूम झाले. भाकरी करताना पिठाविषयी बोला, आजोबांच्या गावाविषयी बोला, चवदार तळ्याविषयी बोला. मूल काही चुकीचे बोलले तर हसू नका. मराठवाड्याच्या भूमीवर बाबासाहेबांनी १९५० मध्ये महाविद्यालय काढले आणि त्याला नाव राहिले ते मिलिंदाचे. कोण हा मिलिंद? भदन्त नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारा राजा. जेथे आपल्या शेकडो मुलांनी पदवी घेतली त्या विद्यालयावर प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आहे, आणि घरात मात्र प्रश्न विचारणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा, हे कसे जुळावे?

पण बोलणे, हिशेब, अक्षरे या साऱ्याच्या आधी दोन गोष्टी आहेत: भूक आणि भय.

आळवी नगरीतील गरीब शेतकऱ्याची कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. तथागत तेथे उपदेश करावयास आले होते. त्या शेतकऱ्याचा बैल हरवला. तो शोधण्यात त्याची अर्धी वेळ गेली आणि बैल सापडल्यावर तो उपाशीपोटी तसाच धावत आला. सारी सभा खोळंबून होती. तथागतांनी त्याला आधी जेवू घालावयास सांगितले, आणि त्याचे पोट भरल्यावरच उपदेशाला आरंभ केला. भुकेइतका मोठा रोग नाही, असे त्यांनी भिक्खूंना समजाविले. शाळा बंद असते त्या दिवशी मुलाचे दुपारचे जेवणही बंद असते, हे विसरू नका. तोडणीला जाताना भाकरी झाकून ठेवली म्हणजे झाले असे नाही. धाकट्याने ती खाल्ली की नाही हे पाहणारे मोठे माणूस कोण, ते शेजारणींनी आपसांत ठरवून घ्यावे. धान्य वाटले जाते तेव्हा ते मुलाच्या हक्काचे आहे, उपकाराचे नव्हे. ते मागून घ्यावे.

भयाचे तसेच आहे. साथीच्या दिवसांत मुलांनी रुग्णवाहिकेचे आवाज ऐकले, मोठ्यांची कुजबुज ऐकली, कोणाची आजी दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. काही लेकरांचे आई-बापही गेले. अशा मुलाला आपण काय सांगतो? “आजी गावाला गेली आहे.” मूल महिनाभर वाट पाहते आणि मग विचारणे सोडून देते. विचारणे सोडले याचा अर्थ ते विसरले असा नाही. आपल्यावरचा त्याचा विश्वास उडाला, असा आहे. किसागोतमी मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत आली, तेव्हा तथागतांनी तिला खोटे औषध दिले नाही आणि कोरडा उपदेशही केला नाही. ज्या घरी कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आण, असे सांगून तिला घरोघर धाडले. प्रत्येक उंबऱ्यावर तिला दुसऱ्याचे दुःख ऐकावयास मिळाले आणि त्यातून तिचे तिलाच उमगले. लहान मुलालाही खरे सांगावे, पण थोडक्या शब्दांत, जवळ घेऊन: आजी आजारी होती, ती वारली, ती आता परत येणार नाही, आपण तिची आठवण काढू. त्याला रडू द्यावे. आजीचे चित्र काढावयाचे म्हणाले तर कागद-कोळसा द्यावा. अंथरुण ओले करू लागले, एकटे निजावयास भिऊ लागले, बोलेनासे झाले, तर मारू नये. ते भय असते, खोडी नसते. आणि ते बरेच दिवस टिकले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे, अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे नेऊ नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांना हे पुन्हा सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते.

भय कमी करणारी सर्वांत साधी गोष्ट म्हणजे दिवसाला घातलेले वळण. शाळेची घंटा मुलाला सांगत असते की आता हे आहे आणि यानंतर ते आहे. घंटा थांबली की दिवस विसकटतो. घरातही उठण्याची, खेळण्याची, जेवण्याची, निजण्याची वेळ ठरलेली असावी. संध्याकाळी त्रिसरण-पंचशील म्हणावयाचे, मग दिवसात काय झाले ते एकेकाने सांगावयाचे, मग निजावयाचे. एवढे वळण असले तरी लेकरू स्थिर होते. खेळ मात्र त्यातून काढू नका. अभ्यास बुडाला म्हणून खेळ बंद करणारे पालक मी पाहतो. लहान मुलाचा खेळ हाच त्याचा अभ्यास असतो हे त्यांना कोण सांगणार?

आता ज्या मुलांची अक्षरे खरोखरच विसरली, त्यांच्याविषयी. चूळपंथक नावाचा एक भिक्खू होता. त्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. नवा शब्द शिकावा तर मागचा विसरे. त्याचा थोरला भाऊ महापंथक विद्वान होता, तो चिडला आणि त्याने धाकट्याला विहार सोडून जावयास सांगितले. पहाटे चूळपंथक रडत दारात उभा असताना तथागतांनी त्याला गाठले. पाठांतर पुन्हा घेतले नाही. एक स्वच्छ कापडाचा तुकडा त्याच्या हाती दिला, सूर्याकडे तोंड करून बसविले आणि मळ जाण्याविषयीचा एकच शब्द म्हणत ते कापड चोळावयास सांगितले. चोळता चोळता कापड मळले. पांढरे होते ते असे मळते, हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले आणि त्याचे त्याला कळले. पुढे तो अर्हत झाला.

आपल्या घरांत महापंथक पुष्कळ आहेत. “तुझ्याएवढा असताना मी पाढे म्हणत होतो.” “पाचवीत गेला आणि जोडाक्षर येत नाही, उद्यापासून मिरची तोडायला चल.” हा महापंथकाचाच आवाज. सहावीतल्या मुलाला पहिलीचे पुस्तक द्यावे लागले तर द्यावे, पण चारचौघांत देऊ नये. एका दिवसाला एकच अक्षर, पण ते हातांनी करू द्यावे: मातीत बोटाने, पाटीवर, ज्वारीचे दाणे मांडून. त्याच्या स्वतःच्या नावातली अक्षरे आधी घ्यावीत. मग आईचे नाव, मग गावाचे. ‘पिंपळगाव’ हा शब्द ज्याला वाचता आला त्याला प, ग, व, ळ ही अक्षरे, वेलांटी, काना आणि अनुस्वार इतके सारे एकदम आले. एसटीची पाटी, दुकानाचे फलक, बिस्किटाचा पुडा, औषधाच्या बाटलीवरचे नाव, हे सगळे वाचनाचे धडे आहेत. रोज वीस मिनिटे पुरेत, पण ती रोजची असावीत. आठवड्यातून एकदा तीन तास बसवून रडविण्याने काही होत नाही.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, त्यांनी शिकविले यात नवल काय? मुंबईत परळच्या डबक चाळीतली ती एक खोली डोळ्यांपुढे आणा. सारा संसार त्या एकाच खोलीत. मुलाला निवांतपणा मिळावा म्हणून रामजी त्याला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमाला अभ्यासाला उठवीत आणि आपण निजत. पुस्तकांसाठी लग्न झालेल्या मुलींकडून पैसे आणीत, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवीत. इंग्रजी शिकविण्यास विद्या लागली हे खरे. पण दोनपर्यंत जागण्यास कोणती पदवी लागते? एका खोलीतही मुलासाठी दोन तासांची शांतता करता येते, हे त्या घराने दाखविले. आपल्या घरात त्या वेळी दूरदर्शन संच चालू असतो, एवढाच फरक.

तरीही एकेकट्या घराला हे सारे पेलणार नाही. तोडणीहून आलेली आई थकलेली असते, तिच्यावरच सगळा भार टाकून मोकळे होणे हा पुरुषांचा जुना शिरस्ता आहे. म्हणून विहाराकडे पाहिले पाहिजे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. पिंपळगावच्या पंचक्रोशीत हेच दिवस मिरचीच्या तोडणीचेही आहेत, आणि अतिवृष्टीने शाळा बंद पडण्याचेही. तेव्हा वाचन रात्रीचे असेल तर संध्याकाळचा एक तास त्याच जागी, त्याच सतरंजीवर मुलांसाठी ठेवावा. दहावी-बारावी झालेली, नोकरीची वाट पाहणारी मुले-मुली प्रत्येक वस्तीत आहेत, त्यांतील दोघांनी आळीपाळीने बसावे. किल्ली कोणाकडे राहील, दिवा कोण लावील, पाऊस असेल तर लहानांना घरी कोण पोहोचवील, हे आधी ठरवावे. नाहीतर तिसऱ्या दिवशी कुलूप दिसेल. धाकट्याला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवू नये. धाकट्यासाठी कोपऱ्यात एक गोधडी अंथरावी, म्हणजे तिचे दोन्ही हात मोकळे होतील.

पहिल्या संध्याकाळी मुलांना पुस्तक उघडावयास लावू नका. आज काय पाहिले ते प्रत्येकाला सांगू द्या. कोणी सांगेल ओढ्याला पूर आला, कोणी सांगेल शेळीला करडू झाले, कोणी सांगेल आईची बोटे लाल झाली होती. बसलेल्या ताईने किंवा दादाने ते वाक्य मोठ्या अक्षरांत कागदावर लिहावे, खाली त्या मुलाचे नाव घालावे आणि कागद विहाराच्या भिंतीवर चिकटवावा. रात्री ग्रंथवाचनाला आई येईल. तिला वाचता येत नाही. ती विचारील, यात काय लिहिलं आहे रे? आणि लेकरू तिला बोट ठेवून वाचून दाखवील.